सरकारी वकील नक्की कुणाचा, आणि साक्षीदार 'फितूर' का?

प्रश्न असा आलाय की कोर्टाच्या एकाच बातमीत सरकार पक्ष, फिर्यादी पक्ष, अभियोग पक्ष असे तीन शब्द दिसतात, ते एकच का, आणि सरकारी वकील म्हणजे सरकारची बाजू लढवणारा असं समजायचं का. डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याच्या निकालाच्या जुन्या बातम्या चाळताना विचारणाऱ्यांना हे खटकलं म्हणे.

बातमीत तिन्ही एकाच अर्थाने येतात, आरोपीवर खटला चालवणारी बाजू, पण 'फिर्यादी पक्ष' मी स्वतः टाळतो. फिर्याद हा फारसीतला शब्द, मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. ज्याने चौकीत जाऊन ही हाक मारली तो फिर्यादी, बस, खटला काही तो चालवत नाही आणि कितीतरी केसेसमध्ये तर फिर्यादी पोलिस हवालदारच असतो, 'सरकारतर्फे फिर्याद' असंच कागदावर लिहिलेलं असतं.

खरी गंमत 'सरकारी'त आहे. पब्लिक प्रॉसिक्युटरला हिंदीवाल्यांनी लोक अभियोजक केलं, आपण केलं सरकारी अभियोक्ता आणि बोलताना तर सरळ सरकारी वकील. पब्लिक सर्व्हंटचा मात्र आपण लोकसेवक केला, म्हणजे तिथे लोक आठवले आणि इथे नाही (लोकसेवक वागतात कसे तो विषय वेगळा!). माझा अंदाज, खटल्यांच्या नावामुळे हे झालं असावं. टिळकांवरचा 1897 चा राजद्रोहाचा खटला 'क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक', 1908 चा 'एम्परर विरुद्ध', आज 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक', आता एका बाजूला सरकारच उभं म्हटल्यावर त्याचा वकील सरकारीच वाटणार ना.

पण कायद्याला तो हुकमाचा ताबेदार अपेक्षित नाहीये. 1994 मध्ये टाडाच्या (तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या) एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पब्लिक प्रॉसिक्युटर हा तपास यंत्रणेचा भाग नाही, तो स्वतंत्र आहे, पोलिसांनी दिलेला कागद पुढे सरकवणारं पोस्ट ऑफिस नव्हे. आपल्याकडे खालच्या कोर्टातले हे वकील तर बरीच वर्षं पोलिस खात्याच्याच हाताखाली होते, त्यांचं वेगळं केडर करा असं सुप्रीम कोर्टाला 1995 मध्ये महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं. जुनी माणसं अजून 'पोलिस प्रॉसिक्युटर' म्हणतात ते उगाच नाही.

त्यामुळे 'सरकारी वकील केस हरला' हे वाक्य मला पटत नाही. 10 मे 2024 ला पुण्यातल्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं, त्या संध्याकाळी टपरीवर निम्मे लोक 'हरले' म्हणत होते आणि निम्मे 'क्लीन चिट मिळाली'. निकाल म्हणतो की तिघांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि तपासातल्या ढिलाईवर कोर्टानेच बोट ठेवलंय. मग लोकांनी जाब विचारायचाच तर पुरावा नीट गोळा का झाला नाही हा विचारावा, वकील जिंकला का हरला हा काय क्रिकेटचा स्कोअर आहे का.

आणि याच लढाईच्या भाषेतला सगळ्यात वाईट शब्द म्हणजे 'फितूर', पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात फिरवणारा साक्षीदार, इंग्रजीत होस्टाइल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ढिलेपणा, मराठीत येऊन तो थेट किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा झाला! 1872 च्या पुरावा कायद्याच्या (तो जुलै 2024 पर्यंत लागू होता) कलम 154 मध्ये होस्टाइल हा शब्दसुद्धा नव्हता, एवढंच होतं की स्वतःच बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. शिवाय असा साक्षीदार पूर्ण बाद होत नाही, त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं.

मी एकदा बाइकचोरीच्या केसमध्ये पंच होतो. पंचनाम्यावर सही करून सहा वर्षं झालेली, शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदार माझ्या कानाशी येऊन 'सर, बाइक काळी, विसरू नका' म्हणून घोकून घेतोय आणि मला घाम फुटलेला. तेवढ्यात सरकारी वकील मॅडम फाइल घेऊन आल्या, म्हणाल्या, पाहिलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आत गेल्यावर मी तेच केलं, नंबरप्लेट आणि सही ओळखली, रंग आठवत नाही म्हटलं, मॅडमनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. बाहेर आलो तर हवालदार म्हणतो, "काय सर, फितूर होता होता वाचलात!"