प्रश्न तुमचे: खोटं नाव सांगणारं डोंगल

प्रश्न: सर, शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर आम्ही लिनक्स वापरतो. स्पीकर जोडायला अडीचशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल आणलं होतं, ते चांगलं चाललं. दिवाळीच्या सुट्टीत एका माजी विद्यार्थ्याने लिनक्सची नवी आवृत्ती टाकून दिली आणि तेव्हापासून ब्लूटूथ सुरूच होत नाही. विंडोजच्या लॅपटॉपला मात्र तेच डोंगल चालतं. मग चूक लिनक्सचीच ना? स्क्रीनचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक शिक्षिका, सांगोला

बाई, खोट डोंगलात आहे. पण ते सिद्ध केल्याने स्पीकर वाजणार नाही, म्हणून नीट सांगतो.

फोटोत कुणाचं तरी बोट आलंय, तरी यूएसबीच्या यादीतला क्रमांक वाचता येतो: ०ए१२:०००१. हा क्रमांक इंग्लंडमधल्या केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, म्हणजे सीएसआर कंपनीच्या जुन्या ब्लूटूथ चिपचा. ती कंपनी २०१५ साली क्वालकॉमने घेतली. क्रमांक मात्र अजून बाजारात फिरतोय. स्वस्त चिप बनवणारे तो सर्रास उचलतात, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती चिप वापरायला शिकवणारा प्रोग्राम, जिकडेतिकडे तयार असतो. दारावर पाटी जोशींची, आत राहतंय भलतंच कुणी.

माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात अशी सात डोंगलं आहेत. सातही जण तोच क्रमांक सांगतात. त्यातल्या दोघांचा ब्लूटूथ पत्तासुद्धा शेवटच्या आकड्यापर्यंत एकच आहे, जो खरं तर जगात दुसऱ्या कुणाचा असता कामा नये. ती दोन मी एकदा घरातल्या दोन संगणकांना लावली आणि कीबोर्डने संध्याकाळभर जो घोळ घातला तो घातला.

लिनक्सच्या कर्नेलमधला, म्हणजे गाभ्यातला, यूएसबी ब्लूटूथचा ड्रायव्हर आता पाटीवर विश्वास ठेवत नाही. तो चिपला विचारतो, बनवणारा कोण? खऱ्या सीएसआरचं उत्तर १०, कारण ब्लूटूथच्या यादीत त्या कंपनीचा तोच सांकेतिक अंक आहे. मग आवृत्तीचे आणखी दोन आकडे मागतो. खऱ्या चिपमध्ये ते दोन्ही आकडे सारखे असतात. नकली चिप बहुधा इथेच पकडली जाते. पकडली म्हणून तिला हाकलत नाहीत. तिला कोणते प्रश्न झेपत नाहीत याची नोंद असते आणि ते टाळून काम चालवतात. या नोंदीला कर्नेलवाले ‘क्वर्क’ म्हणतात, मी खोड म्हणतो. काही चिपांची खोड तर अशी, की एकदा झोपवून उठवल्याशिवाय त्या कामालाच लागत नाहीत. ड्रायव्हरमध्ये खरोखर तेवढ्यासाठी ओळी लिहिलेल्या आहेत.

आता अपडेटनंतरच का बंद पडलं? ब्लूटूथ सुरू होताना कर्नेल चिपला एकामागून एक आज्ञा देतं. २०२०च्या सुमारास त्यात एक नवी आज्ञा आली: आवाजाची बिघडलेली पाकिटं तू टाकून देतोस की पुढे पाठवतोस, ते सांग. नकली चिप आपल्या यादीत ‘ही आज्ञा मला येते’ असं छापून मोकळी झालेली असते, पण प्रत्यक्ष विचारलं की चूक परत करते. सुरुवातीलाच चूक आली म्हणून कर्नेल तिथेच थांबतं. काल चालणारं डोंगल आज बंद पडण्याचं हे एक ठरलेलं कारण. ही खोडही नंतर नोंदवली गेली. आणि विंडोजवर चालतं, कारण विकणारा तिथेच लावून बघतो आणि माल पास करतो.

तर विद्यार्थ्याला सांगा, सगळे अपडेट घे, संगणक पूर्ण बंद कर, डोंगल काढून पुन्हा लाव आणि ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नेलच्या संदेशांची नोंद, बघ. त्यात ‘अनब्रँडेड सीएसआर क्लोन’ असे शब्द आले तर ओळख पटली, बहुतेक ब्लूटूथही लागेल. नाहीच लागलं तर कोणत्या कर्नेलवर चालत होतं, कोणत्यावर बंद पडलं आणि डीमेसेजमध्ये काय आलं, हे सगळं कर्नेलच्या ब्लूटूथवाल्यांना कळवा. ‘लिनक्सवर ब्लूटूथ चालत नाही’ एवढ्याच तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही. ‘आधी चालत होतं, या आवृत्तीपासून बंद’ ही तक्रार मात्र तिथे फार गांभीर्याने घेतात.

मी एकदा नेमका कोणता बदल नडला ते शोधून पाठवलं होतं. पद्धत सोपी आहे: चालणाऱ्या आणि बंद पडणाऱ्या आवृत्तीच्या बरोबर मधली घ्यायची, बनवायची, डोंगल लावून बघायचं, मग उरलेल्यातली मधली. सोळा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्यांत सापडतो. फक्त माझ्या लॅपटॉपला एका फेरीला दीड तास लागायचा आणि सातव्या फेरीला वीज गेली. तीन रात्री गेल्या. दुरुस्ती निघाली ती मोजून चार ओळींची, आणि ती दुसऱ्याच कुणीतरी माझ्याआधी पाठवून ठेवली होती.

एवढा व्याप नको असेल तर रिअलटेकच्या ८७६१ चिपचं डोंगल घ्या. त्याला फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल लागते, ती लिनक्सच्या फर्मवेअर पॅकेजमध्ये असते.

प्रश्न: लिनक्सवर हेडफोनमध्ये गाणी मस्त वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. ब्लूझीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरमध्ये, बग आहे का?
— एक विद्यार्थी, हडपसर

नाही रे. गाणी ज्या पद्धतीने येतात ती एकाच दिशेची. माइक चालू झाला की हेडफोन दुसऱ्या, बोलण्याच्या पद्धतीवर जातो. तिथे आवाज मोनो, सेकंदाला आठ हजार नमुने, नशीब असेल तर सोळा हजार. लॅपटॉपचाच माइक वापर आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेव. ब्लूझी बिचारं २००१ पासून लिनक्सचं ब्लूटूथ सांभाळतंय, प्रत्येक खापर त्याच्यावर फोडू नये.

प्रश्न: ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ब्लूटूथ कसं सुरू करायचं? शोधून थकलो.
— एक वाचक, फोंडा

सापडणार नाही. होतं, ते २०१४ साली काढून टाकलं. नेटबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमकडून आलेला तो कोड नीट चालत नव्हता आणि पुढे नेणारा कुणी नव्हता. ज्याची देखभाल होत नाही ते ठेवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. मला तो पटतो, कीबोर्ड तारेचा असल्यामुळे असेल कदाचित.

तुम्हाला फक्त ऐकायचं असेल तर एक वाट आहे. काही यूएसबी डोंगलं संगणकाला आपण साउंड कार्ड आहोत असं सांगतात आणि हेडफोनशी जोडणी आतल्या आत उरकतात. ओपनबीएसडीला ब्लूटूथचा पत्ताही लागत नाही. घेताना ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द खोक्यावर आहेत ना बघा, आणि पेअर करायचं बटण डोंगलवरच हवं.