उलटी झाली नाही, म्हणून आतडं ठीक होतं?

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या मिस्टरांचं ॲसिडिटीसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री पोट ढोलासारखं फुगलं. "उलटी नाही ना, मग गॅस आहे," असं सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीटी स्कॅन केला. आतड्याला पीळ पडला होता. दोन फूट आतडं काढावं लागलं. बिल ४,६०,००० रुपये. ऑपरेशनच चुकलं असं आमचं म्हणणं आहे, पण संमतीपत्रावर सही केली आहे. केस होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, होऊ शकते, पण "ऑपरेशन चुकलं" हा मुद्दा सोडा. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं अडकणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, आणि तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. तुमची केस आहे ती त्या रात्रीची.

या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. आम्ल अडतं, तशी उलटीही अडते. आतडं बंद झालं तरी असा पेशंट बरेचदा ओकूच शकत नाही, नुसते कोरडे उमासे येतात. म्हणजे "उलटी नाही" यावर विसंबणं किती बरोबर होतं, हाच प्रश्न ग्राहक आयोगापुढे मांडायचा. त्यावर एखाद्या त्रयस्थ सर्जनचं लेखी मत घ्या. प्रत्येक केसमध्ये ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे; तरी इथे त्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

आधी कागद. मिस्टरांच्या सहीने संपूर्ण केसपेपर मागा. ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड सगळे जपतात, नर्सिंग चार्ट कुणी मागत नाही. त्यात एखादी ओळ असते : "रात्री २.१५, पोट फुगलेलं, उमासे, डॉक्टरांना फोनवर कळवलं." पुढची नोंद थेट सकाळी आठची असेल, तर मधले पावणेसहा तास बोलतात. तुमच्या मोबाइलमधली त्या रात्रीची कॉलची यादीही पुसू नका.

सहीला घाबरू नका. संमती धोक्याला दिली, हयगयीला नाही.

तक्रारदार तुम्ही नव्हे, मिस्टर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे सातारा जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. कुठल्या पातळीचा आयोग, हे ठरतं रुग्णालयाला भरलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत फीही नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे मार्च २०२७. पोलिसांत जाऊ नका : सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं, पैसे मिळवून देत नाही.

केसपेपरचा अर्ज याच आठवड्यात द्या. पोच घेताना शिक्क्यावर तारीख नीट उमटली आहे ना, तेवढं बघा.