‘शाळा जबाबदार राहणार नाही’ या फॉर्मवर सही करावी का?

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची मुलगी नागपूरच्या मनीषनगरात एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरच्या प्लेस्कूलमध्ये जाते. मार्चमध्ये खिडकीतल्या कूलरच्या वायरने पेट घेतला. जिना एकच, मागच्या जाळीला कुलूप. मॅडम आणि मावशींनी मुलांना खाली आणलं, पण एक मुलगा बाथरूममध्येच राहिला होता. तो नंतर सापडला. आता शाळा फॉर्म देते : ‘आपत्कालीन प्रसंगी पाल्यास इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ सही केली नाही तर प्रवेश रद्द म्हणतात.

उत्तर : ताई, सही करू नका. ज्या पालकांनी केली असेल त्यांनीही धास्तावू नये. सार्वजनिक हिताविरुद्धचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. लेकरांच्या जिवाबाबतचा निष्काळजीपणा छापील ओळीने माफ होत नाही.

‘आम्ही शाळा नाही, आम्हाला ते नियम लागत नाहीत,’ असं कदाचित ते सांगतील. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे, एवढं खरं. पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ वय विचारत नाही. उपाययोजना करण्याची आणि त्या चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा वापरणाऱ्यावर, टाकतो. यंत्रणा ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. ते आधी मागा.

मला सगळ्यात गंभीर वाटतं ते बाथरूममध्ये राहिलेलं मूल. एवढंसं पोर धूर दिसला की दाराकडे पळेलच असं नाही; ते टेबलाखाली, पडद्यामागे लपतं. म्हणून कोणती मावशी बाथरूम बघणार, कोण हजेरीपट घेऊन खाली उतरणार, मुलांना कुठे उभं करून मोजणार, मोजणी झाल्यावरच कोणाच्या हाती सोपवणार, हे आधी ठरलेलं आणि सरावातलं हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडक्या कूलरने बुजतात, म्हणजे मागची जाळी हाच दुसरा रस्ता. तिथेच कुलूप!

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. अग्निशामक साधनं आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यांवर त्या निकालाचा भर आहे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख करा.

पत्र व्यवस्थापनाला, प्रत नागपूर महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला. तारीख, जिना, कुलूप, बाथरूममधलं मूल, सगळं लिहा आणि पोच घ्या. शक्यतो त्या मुलाच्या आईवडिलांचीही सही असू द्या. तपासणीची मागणी करा. खाजगी शाळेला माहिती अधिकार सहसा लागू होत नाही, पण महापालिकेला होतो : दहा रुपये भरून ‘नमुना ब’ आणि बंगल्याच्या शैक्षणिक वापराची परवानगी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रवेश रद्द करणार म्हणतात ना, तर तेही लेखी मागा. तोंडी धमकीवर काही ठरवू नका.

इतकं होऊनही शाळा ढिम्म राहिली तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली, ताब्यातल्या बालकाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल, पोलिसांत तक्रार करता येते. त्याआधी वकिलाची नोटीस पाठवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आणि मागच्या जाळीचं कुलूप निघाल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय मुलीला पाठवू नका.