मिशनचे डॉक्टर निर्वासितांच्या छावण्यांत खरंच उपचार करतात, की सगळा धर्मप्रसारच?

दोन्ही असू शकतं, पण सरसकट शेरा मारण्याआधी दक्षिण सुदानमधलं बुंज हे गाव बघा.

डॉ. एव्हान अतार हे तिथलेच सर्जन. आधी सुदानच्या ब्लू नाइल भागात, कुरमुक गावी त्यांचा दवाखाना होता. त्याला 'समॅरिटन्स पर्स' या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेची मदत होती. 2011 मध्ये लढाई पेटली. माणसं आणि जमेल तेवढं सामान चार गाड्यांत आणि एका ट्रॅक्टरवर लादून ते सीमेपलीकडे निघाले. बुंजला पोचायला महिना लागला. तिथे ओस पडलेलं आरोग्य केंद्र होतं, ऑपरेशन थिएटर नव्हतंच. मग दारांच्या फळ्या एकावर एक रचून टेबल केलं आणि ऑपरेशनं सुरू! पूर्ण भूल द्यायची सोय नाही, त्यामुळे केटामाइनचं इंजेक्शन किंवा पाठीच्या कण्यात भूल. जनरेटर कधी बंद पडेल याचा नेम नाही. ब्लू नाइलमधून पळून आलेले लाखाहून जास्त निर्वासित आणि आजूबाजूचे गावकरी याच दवाखान्यावर अवलंबून. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्यांना निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना दिला जाणारा नानसेन पुरस्कार दिला.

आता धर्माचं. 'समॅरिटन्स पर्स' आपला धर्मप्रसाराचा हेतू लपवत नाही, आणि गरजू माणसासमोर औषध आणि धर्म एकत्र ठेवणं मला खटकतं. पण दवाखाना चालतो तो अतारांसारख्यांच्या जिवावर. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात बरे होऊन आलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, तेही साधारण असंच सांगतील.