जुन्या गाडीचा सेल्फ कधी नुसता ‘टक्’ करतो, सिग्नलवर इंजिन तापतं. बॅटरी, डायनॅमो, रेडिएटर सगळं बदलावं का?

सगळं तर नाहीच, आणि मोजमाप झाल्याशिवाय एकही वस्तू बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी 2008 ची पेट्रोल आहे, काही दिवस सकाळी सेल्फ लागत नाही, आयडलवर हेडलाइट मंद होतात, आणि सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावला की टेम्परेचरचा काटा वर चढतो, पण वर्धा रोडला लागलं की खाली येतो. ही माहिती फार मोलाची आहे. मी नागपुरातच ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. एवढ्या वयाच्या गाडीत अशी तीन दुखणी एकदम दिसली की माझा पहिला संशय अर्थिंगवर जातो.

अर्थिंग म्हणजे काय, तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर बॉडीला आणि एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला गेलेली असते. सेल्फ, लाइट, रेडिएटरचा पंखा, सगळ्यांचा करंट परत येतो तो याच वाटेने. इतके पावसाळे खाल्लेल्या गाडीत गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट चिखल-तेलाने माखलेला असतो. वरून घट्ट दिसतो, खोलला की थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट-पांढरी भुकटी निघते. हॉर्न वाजतो, लाइट लागतात, कारण त्यांना करंट थोडा लागतो. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात, ते या भुकटीतून जात नाहीत.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर 0.2–0.3 च्या आत राहिला तर ती बाजू ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर चोर सापडला. मग गाडी चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, लाल पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरा. इथे 0.1 च्या आसपास यायला हवं. त्याहून बरंच जास्त आलं तर मंद लाइटचं कारण तेच, आणि पंखाही त्यामुळेच हळू फिरत असू शकतो.

इलाज स्वस्त आहे. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि शेवटी तेच लावा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होणार नाही. बोल्ट खोलून थिंबल आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. वायर आतून काळी पडली असेल तर नवीन टाका.

अर्थिंग चांगलं निघालं तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय. उलट ‘टक्’ होताना हेडलाइट तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फच्या सॉलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणारा स्विच) काँटॅक्ट किंवा आतले कार्बन ब्रश झिजलेत. हे रिपेअर होतं, पूर्ण सेल्फ बदलावा लागत नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोसाठी गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट बघा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तापलेल्या इंजिनवर थोडं कमी दिसलं तर घाबरू नका. पण 15 च्या वर असेल तर डायनॅमोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, आणि तो आपल्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी बघता बघता आटवतो. पाणी भरायचं ते डिस्टिल्डच, अ‍ॅसिड नाही.

आता गरम होण्याचं. उभ्या गाडीत तापते, पळताना थंड होते, याचा अर्थ रेडिएटरला वारा मिळत नाही. रेडिएटर आतून चोंदला असता तर हायवेवर जास्त तापली असती. म्हणून आधी पंखा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत तो लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, सॉकेट आणि शेवटी मोटर, याच क्रमाने. हात लांब ठेवा; काही गाड्यांत चावी बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. दुसरं, एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ-किडे ठासून भरलेले असतात. इंजिनच्या बाजूने हलक्या प्रेशरने धुऊन घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. नागपुरात तो सर्रास देतात. त्याने सिग्नलवरचं तापणं थांबत नाही, उलट डिसेंबरात इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. खराब असेल तर नवीन बसवा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणीही नको, क्षार जमतात.

काटा लाल रेषेवर गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला. झाकण गरम असताना उघडू नका, इंजिनवर गार पाणी ओतू नका. कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासल्याशिवाय गाडी चालवू नका.

अर्थिंगचे दोन्ही आकडे, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज आणि पंखा फिरतो की नाही, एवढं खाली लिहा. पुढे कशाला हात लावायचा ते त्यावरून सांगतो. तोवर नवीन बॅटरीचे पैसे कोणाला देऊ नका.