घेतानाचा भाव, विकतानाचा भाव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता नीट वाचला. चार गाड्या, त्यांचे भाव, आणि शेवटच्या रकान्यात चार वर्षांनंतर विकताना किती टक्के भाव मिळेल ती रिसेल टक्केवारी. तुझा जीव बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हवर जडलाय, हे तू न लिहिताही कळतं. त्यात गैर काहीच नाही. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि जोडणी चेन्नईत होत असल्यामुळे आयात गाडीपेक्षा आवाक्यातला भाव. या भावात इतकं देणारी दुसरी गाडी आपल्या बाजारात मला तरी दिसत नाही. मोठी गाडी घेऊ नकोस असं मी सांगणार नाही. पण तो शेवटचा रकाना खोडून टाक. तिथे टक्के नकोत, रुपये हवेत.

टक्केवारी फसवते, कारण ती एक्स-शोरूम भावावर, म्हणजे आरटीओ कर आणि विमा न धरता, काढलेली असते आणि पैसे तू ऑन-रोड, म्हणजे ते सगळं धरून, भरतेस. आपल्याकडे महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के आरटीओ कर आहे. गाडी ७१ लाखांची धरली तर सव्वानऊ लाख रुपये इथेच गेले. त्यावर विमा. हे पैसे विकताना कुणी परत देत नाही. समोरचा माणूस गाडीचे पैसे देतो, तू भरलेल्या कराचे नाही. तुझे सीए म्हणतात तसं कंपनीच्या नावावर घेतलीस, तर हाच कर २० टक्के होतो, म्हणजे पाच लाखांच्या आसपास जास्तीचे. कंपनीला आयकरात घसाऱ्याची वजावट मिळते हे खरं, पण ती वर्षाला १५ टक्क्यांच्या दराने आणि उरलेल्या किमतीवर. शिवाय तिचा फायदा कंपनीला भरपूर नफा असेल तरच. तुझी कंपनी अजून पाय रोवतेय. माझं मत विचारशील तर गाडी स्वतःच्या नावावर घे.

आता भावाची चढउतार बघ, कारण रिसेल म्हणजे काय ते तिच्यातच दिसतं. ही गाडी मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ६२.९० लाखांना होती. डिसेंबर २०२२ मध्ये फेसलिफ्ट, म्हणजे रूप बदललेली सुधारित गाडी, आली, ६९.२० लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये ७४.९० लाख. २०२१ साली घेतलेल्यांना पुढे चांगले पैसे मिळाले, आणि ‘या गाडीला रिसेल जबरदस्त’ असं सगळे म्हणू लागले. पण नवी गाडी बारा लाखांनी महागली, म्हणून जुनीला वर सरकायला जागा मिळाली. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. अशा सेडानवर आधी २८ टक्के अधिक २० टक्के सेस, म्हणजे ४८ टक्के होते, ते सरसकट ४० झाले. ७४.९० लाखांवर हिशेब केलास तर चार लाखांची सूट निघते. ज्याने त्याच्या आदल्या महिन्यात नवी गाडी नेली, त्याचे चार लाख रात्रीत गेले. त्याची काही चूक नव्हती आणि गाडीतही काही खोट नव्हती. जुन्या गाडीचा भाव शेवटी नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो, आणि नवीचा भाव दिल्लीत ठरतो. म्हणून चार वर्षांनंतरचा अमुक टक्के हा आकडा कुणीही छातीठोकपणे सांगितला तरी त्यावर कर्ज काढू नकोस.

तुझ्या यादीतल्या आयात ऑडी एस५ला हेच जास्त लागू होतं. गाडी सुरेख आहे, तिची चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा मला मनापासून आवडते. पण आख्खी बाहेरून आलेली गाडी म्हणजे तिच्या भावात आयात कराचा मोठा वाटा, आपल्याकडे आरटीओ कर थेट २० टक्के, आणि पुढचा बंपर किंवा हेडलाइट लागला तर थांबायची तयारी. त्यात युरोपीय संघाबरोबरच्या व्यापार करारात आयात गाड्यांवरचा कर टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय. तो कधी आणि किती उतरेल ते उतरेल, पण आज आयात कराचा पूर्ण भार सोसून गाडी घेणाऱ्याच्या हिताचं ते नाही. एस५ यादीतून काढ.

राहिल्या तीन: नवी एम३४०आय, आणि तीच गाडी वापरलेली, पुण्यातली २०२२ ची आणि दिल्लीची २०२१ ची.

नवीचा हिशेब असा मांड. ऑन-रोड ८३ लाख धर. चार वर्षांनी ४२ ला गेली असं समज. ४१ लाख खर्ची पडले, वर्षाला दहाच्या वर. आता तीन वर्षं वापरलेली ४८ ला घेतलीस आणि चार वर्षांनी ३० ला विकलीस, तर १८ लाख, वर्षाला साडेचार. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तू तुझे टाक. पण टाकताना जुन्या गाडीवर दुरुस्तीचे वर्षाला दोन लाख जास्तीचे धरलेस तरी ती स्वस्तच पडते, हे तुला दिसेल. पहिल्या तीन वर्षांची घसरण दुसऱ्या कुणाच्या खिशातून गेलेली असते. टक्क्यांनी बघशील तर गंमत वाटेल: पहिली गाडी एक्स-शोरूमच्या ५९ टक्क्यांना गेली आणि दुसरी घेतलेल्या भावाच्या साडेबासष्टला. जवळजवळ सारखंच. खिशाला मात्र तेवीस लाखांचा फरक. हा रकाना खोड म्हणतो तो यासाठी.

कर्जाचंही रुपयांतच बघ. पन्नास लाख, नऊ टक्के, पाच वर्षं, म्हणजे हप्ता एक लाख चार हजारांच्या जवळ आणि एकूण व्याज सव्वाबारा लाख. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर थोडा चढा असतो, पण रक्कम कमी असल्याने व्याज कमीच जातं.

जिथे माझी उभी हयात गेली त्या विम्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शोरूममध्ये हे कुणी बोलत नाही. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या पायऱ्यांनी उतरते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. आणि हे सगळं एक्स-शोरूमवर, आरटीओ कर त्यात धरतच नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे कंपनी दुरुस्ती न करता पॉलिसीवरची किंमत देऊन मोकळी होते. आता बघ, साधी गाडी जुनी झाली तरी तिचे पार्ट स्वस्त असतात. या गाडीची किंमत निम्मी होते, पण पार्टची होत नाही. पुढून बसलेला मार, दोन हेडलाइट, रेडिएटरचा संच, एअरबॅग, की गाडी दिसायला धड असूनही ७५ टक्क्यांची रेघ ओलांडते. त्यात प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली दाबून घेतलेली असेल तर लवकरच ओलांडते. मी असे मालक समोर बसलेले पाहिलेत. बाजारात त्यांच्या गाडीला जास्त भाव होता आणि हातात पॉलिसीवरचा आकडा आला. म्हणून तीन-पाच हजार वाचवायला आयडीव्ही कमी करू नकोस. नवी घेतलीसच तर रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतके पैसे देणारं संरक्षण, घे, जुनी घेतलीस तर पार्टचा घसारा न कापणारं झिरो डेप मिळतंय तोवर सोडू नकोस. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही. तुझ्या आत्ताच्या गाडीवरचा तुझा बोनस मात्र तू नव्या पॉलिसीवर नेऊ शकतेस, ते पत्र आताच मागून ठेव. आणि गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी तुझ्या नावावर करून घे.

दिल्लीची गाडी साडेपाच लाखांनी स्वस्त दिसते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागेल, इथे पुन्हा कर भरावा लागेल आणि तिथल्या कराच्या परताव्यामागे तुलाच धावावं लागेल. एवढं करून ती विकताना ‘दिल्लीची गाडी’ म्हणूनच ओळखली जाईल. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. जाहिरातीत त्याने अभिमानाने ‘स्टेज वन’ लिहिलंय. म्हणजे इंजिनाचा ईसीयू, त्याचा संगणक, रीमॅप केलाय, सॉफ्टवेअर बदललंय. अशी ताकद वाढवलेली गाडी वॉरंटीतून बाहेर जाऊ शकते, आणि परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं म्हणून त्याची खूण नेहमी पुसते असं नाही. ज्याने रीमॅप केला त्याने तो वापरलाही असणार. गीअरबॉक्स आणि चार चाकांकडे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस यांनी ती जादा ओढ सोसलेली असते. अशी गाडी हौशी माणसाला आवडते, पण विकताना गिऱ्हाईक निम्मं होतं. तूही घेतल्यावर हा मोह टाळ. मूळ गाडीच पुरेशी वेगवान आहे.

फेसलिफ्टच्या आधीची की नंतरची, यावर तुझे मित्र वाद घालतील. आधीची ३८७ अश्वशक्तीची, नंतरची ३७४ ची. रस्त्यावर हा फरक तुला कळणार नाही. आधीच्या गाडीत एसीची बटणं हाताला लागतात, नंतर ती पडद्यात गेली. मला बटणं पसंत आहेत. ती निवड तुझी. पुण्यातली २०२२ ची आधीचीच आहे, आणि एकाच मालकाने वापरलेली आहे. माझं लक्ष तिच्यावर आहे.

चार चाकांच्या ताकदीबद्दल एकच गैरसमज काढून टाक. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबेनळीत वळणातून बाहेर पडताना ती गाडी अक्षरशः रस्ता धरते, त्याचा आनंद मोठा आहे. पण ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांना असतात. थांबायला ओल्या रस्त्यावर तेवढंच अंतर लागतं, आणि ते टायरवर ठरतं. टायरमध्ये काटकसर चालत नाही याचं दुसरं कारण ती ट्रान्सफर केसच. चारही टायर एका बनावटीचे आणि सारखे झिजलेले नसतील तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि आतला क्लच सतत घासत राहतो. एक टायर फाटला म्हणून मिळेल तो घातला, असा मालक भेटला तर गाडी सोड. या गाडीला पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असले तर ते आलटून-पालटून लावताही येत नाहीत, म्हणजे मागची जोडी आधी संपणार. हा खर्च तक्त्यात नाही, घाल.

गाडी बघायला जाशील तेव्हा आधी टायर बघ. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरवर वाच आणि लिहून घे. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबत गोल फिरव, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडी अडखळली, हिसके देत पुढे गेली, तर टायर किंवा ट्रान्सफर केस यांतलं काहीतरी बोलतंय. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांग. तू पोचायच्या आधी मालकाने गरम करून ठेवलं असेल तर थांब आणि गार होऊ दे. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पाण्यात बसलेली गाडी बाहेरून कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीवर गाळाची रेघ राहते, आमच्या कामात हीच पहिली तपासणी असायची. खाली लिफ्टवर घेऊन इंजिनाचा तळ बघ, आपल्या स्पीडब्रेकरांनी किती गाड्यांच्या पोटावर ओरखडे काढलेत सांगता सोय नाही. आणि सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्याच वर्कशॉपमधून काढून घे, मालकाने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नकोस.

कुणी म्हणेल की पेट्रोलच्या सहा सिलिंडर गाड्या संपत चालल्या, ही पुढे सोन्याच्या भावाने जाईल. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस२४५ भारतासाठी फक्त २०० आणल्या, ३५.९९ लाखांना, त्या अजून लोक शोधत फिरतात. पण त्या दोनशेच होत्या. एम३४०आय रोज जोडली जाते आणि रोज विकली जाते. ती घ्यायची तर चालवण्यासाठी घे, निदान पाच वर्षं ठेव. रंगही तुला आवडेल तोच घे. पांढरी लवकर विकली जाते म्हणून पाच वर्षं नको त्या रंगाची गाडी वापरायची हा हिशेब मला कधी पटला नाही.

पुण्याच्या गाडीवर बँकेचा बोजा आहे, सरकारच्या परिवहन पोर्टलवर दिसतोय. मालकाला आधी कर्ज फेडून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणायला सांग. पैसे द्यायचेच झाले तर थेट त्याच्या कर्जखात्यात भर आणि पावती घे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या तुझ्यासमोर होऊ देत. तो टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, मागेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणेल. बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत टोकन देऊ नकोस. शनिवारी जाणार असशील तर मला सकाळी फोन कर, मी येतो.

तुझा,
काका