घरच्या गव्हात गोळी टाकण्याआधी वाच

भावा, पहिल्यांदाच वर्षाचा गहू भरतोयस म्हणून सांगतो, ती धान्यात टाकायची गोळी घरात आणूच नकोस. ती अल्युमिनियम फॉस्फाइडची असते, हवेतला दमटपणा लागला की फॉस्फिन गॅस सुटतो, 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम, आणि किडे ज्याने मरतात त्यानेच माणूसही मरतो, त्यावर उतारा नाही. लोक म्हणतात लसणासारखा वास आला की कळतंच, पण शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो, तो वास त्यातल्या भेसळीचा, म्हणजे वास नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही. कोठी एका खोलीत आणि पोरं शेजारच्या खोलीत झोपलेली, फटीतून गॅस तिकडे जातो, असे जीव गेलेत रे. गोळीवर पाणी पडलं तर पेटही घेते. कायद्यानेही ती सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठीच आहे, दुकानदार गुपचूप देतो म्हणून घ्यायची नाही. गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळव, पूर्ण गार झाला की एरंडेल चोळ नाहीतर कडुलिंबाचा सुकलेला पाला घाल, आणि घट्ट झाकणाच्या कोठीत भर. आधीच आणली असशील तर उघडू नकोस, मोरीत तर अजिबात टाकू नकोस, कृषी खात्याच्या माणसाला विचार.